सालदाराची बोली आणि नवरीची बोली
(खानदेशातील एका गावी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तरुण स्त्री-पुरुषांच्या सभेत झालेले भाषण)



काल आखाजी झाली. घागरी पुजल्या, सांजोऱ्या झाल्या, आणि माहेरी आलेल्या लेकींचे झोके अजून निंबाला तसेच बांधलेले आहेत. त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती म्हणजे सालदारांचे साल संपले. सालदार ओट्यावर मालकासमोर बसला. रोख किती, दाणे किती, कपडे किती, उचल किती फिटली, खाडे किती पडले याचा हिशेब झाला आणि पुढच्या सालाची बोली झाली. पटले तो राहिला, न पटले तो दुसऱ्याच्या दारी गेला. या बोलीत गरिबाला पुरा न्याय मिळतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उचलीत अडकलेल्या माणसाची मान कशी दबलेली असते हे येथे बसलेल्या कित्येकांना आम्ही सांगायला नको. पण बोली होते. काम कोणते, किती, आणि त्याबद्दल काय मिळणार, हे चार माणसांत तोंडाने बोलले जाते.

आता त्याच ओट्यावर, याच वैशाखात, दुसरी एक बोली होते. ती सोयरिकीची. तिच्यात काय काय बोलले जाते? सोने किती तोळे, गाडी कोणती, मांडव कोणाच्या दारी, पंगती किती, बस्ता कोणी फाडायचा. हुंडा घेणे आणि देणे हा १९६१ सालापासून कायद्याने गुन्हा आहे, म्हणून त्याला आता 'हौसेने' असा गोड शब्द सापडला आहे, इतकेच. पण ती मुलगी पहाटे किती वाजता उठणार, पाणी कोण भरणार, दिवसभर कापूस वेचून आल्यावर भाकरी कोण थापणार, कापसाचा पैसा आला म्हणजे तो कोणाच्या खिशात जाणार, अर्धे राहिलेले शिक्षण तिने पुरे करायचे की नाही, यांतले एक अक्षर कोणाच्या तोंडून निघत नाही. सालदाराचे साल बारा महिन्यांचे, त्याची बोली होते. नवरीचे साल जन्माचे, त्याची बोली नाही!

कोणी म्हणेल, बायको ही काय सालदार आहे? ती तर घरची लक्ष्मी. बरे तर, लक्ष्मीच समजा. मग घरातली पै-पैका कोणाच्या नावावर आहे ते एकदा पाहू. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

आम्ही जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांतून हिंडत असतो, आणि तरुण मंडळी भेटली म्हणजे विचारतो, "काय रे बाबा, नवरी कशी पाहिजे?" पोरांचे उत्तर बहुतेक ठरलेले असते. शिकलेली पाहिजे, शक्य तर चार पैसे कमावणारी पाहिजे. पण घरातले सर्व तिला आले पाहिजे, आईबापांची सेवा तिने केली पाहिजे, आणि वेळ पडली तर शेतात उभे राहिले पाहिजे. आम्ही विचारतो, "आणि तू?" तो हसतो. या प्रश्नाचे उत्तर त्याने कधी तयारच केलेले नसते.

पोरींना विचारावे तर त्या आधी आईकडे पाहतात, आणि आई आत गेली की बोलतात. नवरा नोकरीवाला हवा, शहरात राहणारा हवा. आणि गावाकडे पाचदहा एकर असेल तर फारच चांगले, पण आपण त्यात राबणार नाही. यावर पारावरची मंडळी मोठ्याने हसतात. म्हणतात, पोरींची डोकी फिरली, शेतकऱ्याच्या पोटी जन्मून शेतकरी नको म्हणतात.

मंडळी, हसण्याआधी थोडे थांबा. ही पोरगी हे कोठे शिकली? शाळेत नव्हे, टीव्हीवरही नव्हे. ती हे आईच्या हाताकडे पाहून शिकली. दिवाळीपासून वेचणी लागते. कमरेला ओटी बांधून बाई सकाळपासून वाकते. बोंडांची सुकलेली टोके बोटे ओरबाडून काढतात. मजुरी किलोवर, म्हणून पाणी प्यायलाही ती फार वेळ थांबत नाही. घरचेच शेत असले तर मजुरीही नाही. लावणी, निंदणी, वेचणी ही तिची. पण तो कापूस गाडीत भरला, बाजारात किंवा जिनिंगवर गेला, की काटा पाहायला, भाव करायला आणि पैसे मोजून घ्यायला पुरुष. ती घरी असते. संध्याकाळी तो परत आला म्हणजे त्याच्या तोंडाकडे पाहून तिने ओळखायचे की भाव काय मिळाला! पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात शेत रिकामे होते तेव्हा पुरुष लिंबाखाली पडतो आणि बाई माळवदावर बिबडे, कुरडया, पापड घालते. तिचा हंगाम कधी संपतच नाही. हे पाहत वाढलेली मुलगी जेव्हा म्हणते की मला शेतकरी नवरा नको, तेव्हा तिला माती नकोशी झालेली नसते. आईच्या वाट्याला आलेले जिणे तिला नको असते.

आमचे कारागीर बंधू म्हणतील की हे कुणब्यांचे झाले. नाही बाबांनो, तुमच्याही घरात तीच गत आहे. कुंभाराकडे माती मळायची, भट्टीला हात लावायचा, मडकी डोक्यावर घेऊन बाजार करायचा तो बाईने. चाकाला मात्र तिने शिवायचे नाही. मग कारागीर कोण? ज्याचा हात चाकावर तो. विणकराकडे कांड्या ती भरते आणि माग त्याचा म्हणवतो. घिसाड्याच्या पालापाशी जाऊन पाहा. नवरा बसून सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. बाईचा हात नाजूक असतो असे ज्यांना वाटते त्यांनी तेथे पाच मिनिटे उभे राहावे. पण गिऱ्हाइकाने पैसे दिले की ते कोणाच्या हातावर पडतात, हेही त्यांनी तेथेच पाहावे.

म्हणून खानदेशची पोरगी सुरतेच्या दहा बाय दहाच्या खोलीला राजी होते. उधना-लिंबायतकडे आपली माणसे किती आहेत हे तुम्ही जाणताच. तेथे निदान नळ दारात असतो, आणि पहाटेपासून कोणी पाठीवर डोळा ठेवून बसलेले नसते. पण तेथेही ती सुटत नाही. नवरा बारा तासांच्या पाळीवर गेला की ती घरात बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावते. हे काम नगावर मिळते, आणि शेजारणीला विचाराल तर ती सांगते, "नाही हो, ती घरीच असते."

'घरीच असते' या दोन शब्दांचा हिशेब सरकारने एकदा मांडला आहे. २०१९ साली देशभर माणसांच्या दिवसाच्या वेळेची मोजणी झाली. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे आढळले, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटे निघाली ९७. पण असे करणारे पुरुष मुळात होते किती? शंभरात सव्वीस. बाकीच्या चौऱ्याहत्तर जणांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता.

आणि गंमत अशी की हात लावता येत नाही असेही नाही. पुण्याला किंवा सुरतेला चार पोरे मिळून खोली करतात, तेव्हा पोळी, भाजी, धुणे, झाडणे सर्व स्वतः करतात. आमच्यापैकी कित्येकांनी त्यांच्या हातचे भरीत खाल्ले आहे, आणि ते उत्तम होते. तोच पोरगा लग्न करून आला की आठ दिवसांत त्याच्या हातांना लकवा भरतो! पाण्याचा तांब्यासुद्धा त्याला दुसऱ्याने द्यावा लागतो.

आता पोरांच्या बाजूने बोलू, कारण त्यांचे दुःखही खोटे नाही. तीस-पस्तिशीचे कितीतरी शेतकरी तरुण गावोगाव बिनलग्नाचे बसून आहेत. कोणाचा बाप एक एकर विकून संस्थेत शिपायाची जागा मिळवतो, कारण शिपाई झाला तर मुलगी मिळेल आणि बागायतदार राहिला तर मिळणार नाही. कोणी दलालाला लाख-दोन लाख मोजून बाहेरून नवरी आणतो, आणि ती चार दिवसांत दागिन्यांसह नाहीशी होते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण बाशिंगे बांधून, घोड्यांवर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर गेले आणि आम्हांला नवरी मिळवून द्या असे निवेदन देऊन आले. वर्तमानपत्रे वाचून लोक हसले. आम्हांला हसू आले नाही, कारण गर्भातील मुलीची तपासणी करण्याविरुद्धचा कायदा कडक पाळावा, अशीही त्यांची मागणी होती. रोगाच्या मुळावर त्यांनी बरोबर बोट ठेवले होते.

आपल्या जळगाव जिल्ह्याचेच पाहा. २००१ च्या खानेसुमारीत सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८८०. २०११ साली त्या राहिल्या ८४२. सबंध महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ८९४ होता, म्हणजे केळीने आणि कापसाने सुखवस्तू झालेला आपला जिल्हा राज्याच्याही खाली गेला. गर्भलिंग तपासण्यावर महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली बंदी घातली, त्यानंतरची ही गोष्ट आहे. २००१ साली जी मुले रांगत-खेळत होती तीच आज बाशिंगाला आली आहेत. ८४२ च्या वेळची आता त्यांच्या मागे रांगेत उभी राहात आहेत. बापांनो, ज्या नवऱ्या तुम्ही आज गावोगाव शोधता त्यांतल्या कित्येक जन्मालाच येऊ दिल्या नाहीत. त्या वेळी मुलगी म्हणजे खर्च होती. आज तुम्ही दलालाला पैसे मोजता.

पुष्कळांना वाटले होते की मुली कमी झाल्या म्हणजे त्यांची किंमत वाढेल. किंमत वाढली, पण मान वाढला नाही. मुली कमी झाल्या तसे लोक त्यांना लवकर उरकू लागले. २०१९ ते २०२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत धुळे जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायांत सुमारे चाळीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. जिला स्वतःची अपेक्षा काय ते कळण्याआधीच बोहल्यावर चढवले, तिला नवरी कशी व्हायचे आहे हे कोण विचारणार?

लग्नात काम आणि हक्क यांची बोली व्हावी, हे आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे १८८७ साली त्यांनी पूजाविधीची जी लहान पुस्तिका काढली तीतली मंगलाष्टके वधूवरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायची आहेत. वधू भर मांडवात सांगते की स्वातंत्र्य म्हणजे काय हे स्त्रियांना कधी अनुभवायला मिळालेले नाही, ते देण्याची शपथ घे. आणि वर सर्वांसमक्ष तशी शपथ घेतो. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तर त्याआधीच, १८८२ साली, 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांची सारी मापे त्यांच्याच अंगाला लावून दाखविली होती. बोली होती, आपण मोडली. हल्ली मांडवात डीजे इतका मोठा वाजतो की शपथ घेतली तरी कोणाला ऐकू जायची नाही.

पण नुसत्या शपथेने भागत नाही हेही खरे. शपथ वाऱ्यावर जाते, सातबाऱ्यावरचे नाव जात नाही. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तो तरुणांना ठाऊक नाही याचे आम्हांला नवल वाटते. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायांचे मोठे अधिवेशन भरविले. पुढे काही वर्षांत शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' नावाचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा, उपकार म्हणून नव्हे तर तिच्या आजवरच्या राबण्याचे ऋण म्हणून, असे त्याचे सार होते. शंभर घरांनी असे केले की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे गाव झाले. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे असे एक गाव. १९९० च्या सुमारास तेथील शंभराहून अधिक पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन केली. कोर्टाचा हुकूम नव्हता, सरकारी बक्षीस नव्हते, आणि ते पुरुष कोणी साधुसंत नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच तापट, भाऊबंदकीने त्रासलेले, भावाच्या बोटभर बांधासाठी वर्षानुवर्षे तारखा करणारे कुणबी होते. त्यांनी केले. त्यापायी कोणाचे घर मोडले असे कोणी सांगत नाही.

नाव लागल्याने काय होते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. सोसायटीचे कर्ज, पिकाचा विमा, गारपिटीची भरपाई, सारे ज्याच्या नावाचा उतारा त्याच्या खात्यात जाते. कर्जापायी ज्याने जीव दिला त्याच्या विधवेला विचारा. ज्या शेतात वीस वर्षे निंदले ते आपले आहे हे सिद्ध करायला तिला दिराच्या आणि सासऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. २०१५-१६ च्या शेतीगणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बाया जेमतेम चौदा निघाल्या. शेतात मात्र वाकलेल्या पाठी मोजल्या तर त्या बायांच्याच जास्त भरतील.

आपण असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचा मोठा अभिमान धरतो, आणि तो योग्यच आहे. ऐन तिशीत वैधव्य आलेली, अक्षर न शिकलेली ही शेतकरीण जात्यावर आणि शेतात गाणी रचत गेली. १९५१ साली ती गेली आणि दुसऱ्या वर्षी तिची गाणी छापून निघाली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव लागले. विद्यापीठाला लावले, ठीक केले. आता घरी जाऊन आपल्या उताऱ्यावर घरच्या बहिणाबाईचे नाव आहे का तेही पाहा.

पोरींनो, तुम्हांलाही दोन शब्द बोलले पाहिजेत, राग मानू नका. नवऱ्याकडे दहा एकर हवेत असे म्हणता, पण बापाच्या जमिनीत तुमचा भावाइतकाच वाटा आहे हे सांगताना जीभ का अडखळते? महाराष्ट्राने हा हक्क १९९४ साली दिला, साऱ्या देशाने २००५ साली. तरीही लग्न झाले की भाऊ गाडी घेऊन येतो, तालुक्याला नेतो, हक्कसोडीवर सही घेतो आणि एक साडी देतो. माहेर तुटेल म्हणून तुम्ही सही करता. ती भीती आम्ही समजतो. पण ज्या पोराने बहिणीचे हक्कसोड घेतले त्यानेच, बायकोने बरोबरीने कमवावे अशी अपेक्षा धरावी, याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा. आणि सासवा झालेल्या मायबहिणींनो, जावयाने आपल्या लेकीला भांडी घासू लागली की तो गुणाचा, आणि मुलाने सुनेला घासू लागली की तो बाईलवेडा, हा न्याय आता पुरे.

तर आमचे मागणे असे की सोयरिकीच्या बैठकीत सोन्याच्या आधी दुसरी बोली व्हावी. पोरापोरींनी ती स्वतः करावी, आणि वडील मंडळींनी तेवढा वेळ तंबाखू मळत गप्प बसावे. पहाटेचे पाणी कोणाचे, संध्याकाळच्या भाकरी कोणाच्या, मूल झाले तर रात्रीचे जागरण कोणाचे, कापसाच्या पट्टीचा पैसा कोणाच्या खात्यात, तिच्या म्हाताऱ्या आईबापांचे काय, आणि उताऱ्यावर तिचे नाव कोणत्या साली लागणार, हे सरळ विचारावे. पोराला दिवसाला सोळा तास एकट्याने कमावण्याचे ओझे नको असेल तर त्यानेही तेथेच सांगावे. भाकरी थापता येते हे त्याने लाजेने लपवू नये. त्या बैठकीत हा गुण एक तोळ्यापेक्षा जड ठरेल असा आमचा अंदाज आहे.

पत्नीचे नाव सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर लावून घेण्याची सोय सरकारने पुढे लक्ष्मीमुक्ती याच नावाने करून ठेवली आहे. विटनेरच्या मानाने ती थोडकी आहे, पण अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे नव्या नावाच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायचा एवढेच काम आहे. अर्जाचे कोरे नमुने आम्ही बरोबर आणले असून ते त्या खांबाजवळ ठेवले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज आमच्यासोबतची पोरे भरून देतील. या वैशाखात ज्यांची लग्ने आहेत त्यांनी आधी घ्यावेत, बाकीच्यांनी मग.